न मोजलेली वार

गेली त्याच्या आदल्या दिवशी आई प्रसूतिगृहाच्या तळमजल्यावर उभी राहून लिफ्टवरच्या पाटीला नावं ठेवत होती. 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं त्या पाटीवर लिहिलं होतं, आणि शेजारी दोन बायका एका हाताने पोट नि दुसऱ्या हाताने कठडा सांभाळत जिना चढत होत्या. "सगळ्या कर्मचाऱ्यांना दिवस गेलेत वाटतं," आई म्हणाली. पाटी तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली, त्या दोघींना हाक मारून लिफ्टमध्ये घातलं आणि आपण जिन्याने निघाली. मागून तिची मुलगी, हातात आईची पिशवी. "एवढ्या वयात जिने चढायला कुणी सांगितलंय?" मुलगी म्हणाली. "मला लिफ्टमध्ये गुदमरतं," आई म्हणाली. हे साफ खोटं होतं आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. डॉक्टर म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आई सोनोग्राफी करायला इथे यायची. नव्या डॉक्टरांना तिची अडचण व्हायची, जुन्या सिस्टर तिला खुर्ची पुसून द्यायच्या. त्या दिवशी काम आटपल्यावर दोघींना चष्म्याच्या दुकानात जायचं होतं, म्हणून मुलगी सोबत आली होती. एरवी ती इथे पाऊल टाकायची नाही. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका संस्थेत ती दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत बसायची. तिला ते काम आवडायचं, कारण त्या वाक्यांमध्ये तिचं स्वतःचं काही नसायचं. या इमारतीत मात्र तिला नेहमी वाटायचं की आपल्याबद्दल काहीतरी आधीच बोलून झालेलं आहे.

सोनोग्राफीची खोली अंधारी आणि गार होती. मशीनला गारवा मानवतो, म्हणून पेशंटनी कुडकुडायचं. पडद्याच्या अलीकडे, हात धुवायच्या बेसिनजवळ एक स्टूल होतं, त्यावर ती पुस्तक उघडून बसली. वाचण्याइतका उजेड नव्हता. पलीकडे पाचव्या महिन्यातली एक मुलगी आडवी झाली होती आणि तिची सासू पायथ्याशी उभी होती, हे तिला नुसत्या आवाजांवरून कळलं. आई मशीनच्या पडद्यावरचं चित्र दाखवत होती, हे डोकं, हे पाठीचे मणके, आणि ही बाजूची राखाडी जाडसर गादी दिसतेय ना, ही वार. बाळाला जे काही मिळतं ते हिच्यातून, अगदी श्वाससुद्धा. मग आई मधेच थांबली. "जरा थांबू या," ती म्हणाली. "काय झालं?" मुलीचा आवाज घाबरा. "काही नाही गं. पोट कडक झालंय. गर्भपिशवी मधूनच अशी आवळून येते, दुखत नाही, तुला कळलंही नसेल. आत्ता मोजली तर वार आहे त्याहून जाड दिसेल आणि आपली उगाच समजूत होईल की सगळं छान आहे. सैल पडू दे." दाराशी सिस्टर कुजबुजली, "बाई, रांग पार जिन्यापर्यंत गेलीय." "जाऊ दे की. जिना भक्कम आहे," आई म्हणाली, आणि खरोखरच हात मांडीवर ठेवून बसून राहिली असणार, कारण बराच वेळ पलीकडून फक्त मशीनच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

थोड्या वेळाने आकडे घेऊन झाले. रुंदी, जाडी, पुन्हा एकदा रुंदी. "वार लहान आहे," आई म्हणाली. "दिवस भरल्यावर बाळ अडीच किलोच्या आत असण्याची शक्यता आहे. असेलच असं मी म्हणत नाही. पण आता आपल्याला आधी कळलंय, तेव्हा लक्ष ठेवता येईल. सांगेन तेव्हा यायचं, आणि बाळंतपण इथेच, कुठल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही." सासू याचीच वाट बघत असावी. "खातच नाही हो नीट. चिमणीसारखं टिपते नुसती." "सासूबाई, चिमणी दिवसभर खाते, कधी बघा नीट," आई म्हणाली. "आणि ही वार हिने काही हाताने थापलेली नाही. दारच अरुंद असेल तर घरात पोती आणून टाकून काय उपयोग? हिचं काही चुकलेलं नाही." मग अगदी सहज, "पडद्याच्या पलीकडे माझी मुलगी बसलीय. जन्मली तेव्हा पावणेदोन किलो. आता बघा, मला धाकात ठेवते." पडदा सरकला. सासूने डोकं बाहेर काढून तिला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं, मंडईत वांगं न्याहाळावं तसं, आणि पुन्हा आत घेतलं. "बरी दिसतेय," आतून अभिप्राय आला.

तिला चीड आली. ती नवी नव्हती, अंगवळणी पडलेली होती, पण आली. जन्मापासून ती हे उदाहरण होती. घरात तिचं नाव पावशेर. ते बाबांनी ठेवलं, लाडाने, आणि मग सगळ्या घराने उचललं. अजूनही चुलत-आतेभावंडं फोनवर "काय पावशेर" म्हणूनच सुरुवात करायची. आणि नावामागची गोष्ट सांगायची ती आत्या. घरात चार माणसं जमली की आत्याला आठवण व्हायचीच. "आम्ही बघायला गेलो तर दुपट्यात मूल आहे की नुसतंच दुपटं आहे, तेच कळेना! मी म्हटलं, उलगडा तरी, आत कुणी आहे का बघू." सगळे हसायचे. आई हसायची, बाबा वर्तमानपत्राआडून हसायचे, आणि ती स्वतः, आईच्या कमरेला बिलगून, सगळ्यांच्या आधी हसायची, कारण ही गोष्ट आपली आहे आणि आपण ती चांगली ऐकली पाहिजे असं तिला वाटायचं. हसणं ओसरलं की आत्या पदर सारखा करून गोष्टीचं शेपूट जोडायची. "पण वहिनीची पण कमाल. नववा लागेपर्यंत ड्यूटीवर! आम्ही सांगून थकलो. पोराच्या तोंडचं काढून पेशंटांना वाटलं, दुसरं काय." या वाक्यावर कुणी हसत नसे. आई उठून आत जाई, कुणाला आणखी काही हवंय का ते बघायला. बाबा पान उलटत. लहानपणी तिला वाटायचं, आईला खरंच आत काम असतं.

काम झाल्यावर दोघी खालच्या चहाच्या बाकावर बसल्या. कपाला हात शेकत आई कुठेतरी बघत होती आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "तुझी वार मी पाहिलीच नाही." तिला वाटलं, आई चष्म्याबद्दल काही बोलतेय. "माझी काय?" "वार. मला भूल दिली होती ना. शुद्धीवर आले आणि पहिलं तेच विचारलं. मूल कसं आहे विचारलं नाही, ते रडत होतं, ऐकू येत होतं. वार कुठंय विचारलं. तर सिस्टर म्हणाली, अहो डॉक्टर, ती काय जपून ठेवतात का? गेली. आणि हसली. मीही हसले." "कशाला हवी होती तुला?" "तेव्हा काही नाही, नुसतीच बघायला. नंतर वाटायला लागलं, वजन केलं असतं, आडवी-उभी मोजली असती, तर दाखवता आली असती." "कुणाला? आत्याला?" "छे, तिला काय दाखवायचं." आईने चहा संपवला, कपाच्या तळाशी बघितलं. "तुला."

समोर कुणीतरी स्कूटर काढत होतं, ती चालू होत नव्हती, आणि तो माणूस पुन्हा पुन्हा किक मारत होता. तिच्या मनात जे उसळलं ते दुःख नव्हतं. संताप होता, चक्क. मला? मी कधी मागितलं होतं तुझ्याकडे काही? मला या न्यायाधीशाच्या खुर्चीवर कुणी बसवलं? तिला म्हणायचं होतं की मला काही दाखवू नकोस. त्याच्या पुढचंही एक वाक्य होतं, अगदी साधं, तोंडापर्यंत आलेलं. पण असली वाक्यं त्या घरात कुणी बोलत नसे, आणि दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य तोंडातून काढताना फार चाचपडावं लागतं. "चल, दुकान बंद होईल," ती म्हणाली. दुकानात आईने दोन फ्रेमी बाजूला काढल्या आणि त्यावरून दोघींचा थोडा वाद झाला. तपकिरी आईला म्हाताऱ्या बाईची वाटत होती. "मग तू कोण आहेस?" ती म्हणाली. आई आरशात बघून इतकी हसली की दुकानदारही हसला. काळी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. "अगं, आई उठत नाहीये," ते म्हणाले, एखाद्या आळशी मुलीची तक्रार करावी तसे.

मग माणसं येत राहिली. दार उघडंच ठेवावं लागत होतं. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या, वेगवेगळ्या उंचीच्या, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी थोडा वर किंवा थोडा खाली बसून मग दुःखी चेहरा करायचा. तिला रडू येत नव्हतं आणि सगळे तिला रड म्हणत होते. मोकळी हो, मोकळी हो. ती चहाचे कप उचलत होती, विसळत होती, पुन्हा भरत होती, आणि आतल्या आत एक बारीक, एकसुरी आग धुमसत होती, जिचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. दुःखाला लोकांनी जागा करून ठेवलेली असते, खुर्च्या मांडलेल्या असतात. संतापाने कुठे बसायचं? सगळे म्हणत होते, शांत बाई होत्या. कधी आवाज चढवला नाही. कधी कुणाला दुखावलं नाही. प्रसूतिगृहाचे जुने प्रमुख आले, ज्यांना तिथे सगळे साहेब म्हणत. आता काठी घेऊन, दोन पायऱ्या चढून धापा टाकत. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाईंना राग म्हणून माहीत नव्हता." ती कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला तो तिथेच सोडून द्यावासा वाटला, सगळे कप फुटतील असा.

कारण साहेबांनीच आईचं नाव 'वारवाल्या बाई' असं पाडलं होतं. बाळंतपणाच्या सुट्टीवरून परत आल्यावर आईने तो उद्योग सुरू केला. बाळंतीण सुटली, मूल रडलं, सगळे मुलाकडे धावले की आई उलट्या दिशेला जायची, बादलीकडे. वार उचलायची, नळाखाली धुवायची, नाळ कापून, वरचे पातळ पडदे सोलून, स्टीलच्या तसराळ्यात वजन करायची. मोठ्या मुलाची वार मोठी, लहान मुलाची लहान, हे कुणालाही कळेल, साहेब म्हणायचे, बाई, दूध सोडून पातेलं कसलं मोजता? पण आईला वाटायचं की पातेलं आधी तयार होतं. पोटातलं बघायची मशीन आली तेव्हा तिने पाचव्या महिन्यातच वारेची रुंदी-जाडी मोजायला सुरुवात केली, बाळ अजून ठीकठाक दिसत असताना, म्हणजे पुढे ते रोडावणार असेल तर आज कळावं. वर्षानुवर्षं. पिशवी आवळून आलेली असताना मोजायचं नाही, हे ती ठेच लागून शिकली होती. पहिल्या वर्षात अशा घाईत मोजलेल्या बऱ्याच वारा तिला चांगल्या जाड वाटल्या होत्या आणि त्यांची मुलं उंदराच्या पिल्लाएवढी निघाली होती. शेवटी डॉक्टरांच्या एका सभेत तिने सगळं मांडलं. तेव्हा मुलगी कॉलेजात होती, शेवटच्या रांगेत बसली होती. आई नीट बोलली, हात न हलवता. साहेब उठले. "सगळं मान्य. पण बाई, मुळात वार लहान का राहते?" "ते अजून ठाऊक नाही," आई म्हणाली. "ते कळेपर्यंत बाळावर लक्ष तर ठेवता येईल." "म्हणजे दोष फिरून फिरून आईवरच आला की!" साहेब म्हणाले, आणि सभागृह हसलं. वाईट हेतूने नाही. जेवणाची वेळ झाली होती, लोकांना हसायला निमित्त हवं होतं. घरी आल्यावर आईने कढई घासायला घेतली आणि इतका वेळ घासली की शेवटी बाबा स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अगं, भोक पडेल." बाईंना राग म्हणून माहीत नव्हता!

पण साहेबांवर रागावणं सोपं होतं, म्हणून ते टिकलं नाही. कप विसळता विसळता राग फिरून आईवरच जाऊन बसला, आणि मेलेल्या माणसावर रागावण्याची लाज वाटली तरी हटेना. का मोजत बसलीस? आत्या काहीतरी बोलली, कुणी तिला गप्प केलं नाही, आणि तू त्याला आरोप समजलीस, मग आयुष्यभर त्याचं उत्तर तयार करत राहिलीस. परक्या बायकांच्या पोटांवर ती थंडगार जेली लावून, त्यांच्या वारा मोजून, एकेकीला दोषातून सोडवलंस, हिचं काही चुकलेलं नाही, हिचं काही चुकलेलं नाही. जणू पुरेशा बायका सुटल्या की तुझीही सुटका आपोआप होणार होती. पण तुझी वार बादलीतून गेली होती. जी एक मोजायची होती तीच मोजता आली नाही. आणि मोजली असती, आणि ती चांगली दणदणीत निघाली असती तर? तर काय करणार होतीस? माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहणार होतीस? इथे तिचे हात साबणाच्या पाण्यात थांबले. हा विचार तिने आधी कधी केला नव्हता. आईने केला असेल का? चहाच्या बाकावर कपाच्या तळाशी बघताना?

माणसं कमी होत गेली तशी एका दुपारी आत्या आली, सोबत तिची सून. सुनेला सहावा महिना होता आणि ती सगळ्यात खालची खुर्ची शोधून बसली, कारण चांगल्या खुर्चीवर सासूने आधीच पिशवी ठेवली होती. आत्या रडली. खरं रडली, नाक लाल होईपर्यंत. तिचा जीव होता आईवर, तिच्या पद्धतीने. "पावशेर, तू खाल्लंस का काही? बघ कशी दिसतेस. आधीच अंगावर मांस नाही." बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्र धरून बसले होते, ते कालचं होतं. तिने चहा दिला. सुनेने कप घेतला तेव्हा तिची बोटं गार होती. एका कचेरीत ती हिशेब बघायची आणि अजून कामावर जात होती, हे पहिल्या पाच मिनिटांतच आत्याने तीनदा सांगितलं.

"सांगून दमले मी," आत्या म्हणाली. "परवा डॉक्टरांनी सांगितलं, बाळ लहान आहे महिन्याच्या मानाने. मी म्हटलं, असणारच. सकाळी दोन घास गिळून पळते, येते ती अंधार पडल्यावर. मी हिला म्हटलं, आमच्या वहिनीचं आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आता माणूस गेलं, वाईट बोलू नये, पण खरं ते खरं. नोकरीपायी या पोरीला उपाशी ठेवलं पोटात. ऐकलं असतं कुणाचं, तर ही अशी..." तिने हाताने पावशेरकडे, तिच्या मनगटाकडे, खांद्याकडे, एकूण सगळ्याकडे एक मोघम खूण केली.

सून कपात बघत होती. "ताई, तुम्हाला कळतं ना यातलं?" ती हळूच म्हणाली. "मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, वारेत काही दोष आहे का. कुठेतरी वाचलं होतं मी. ते म्हणाले, वार उत्तम आहे, चांगली जाड आहे. मग ह्या म्हणाल्या, बघ, वार चांगली आहे म्हणजे खाण्याचंच कमी पडतंय." तिने ओठ घट्ट मिटले. "मी खाते हो, ताई. खरंच खाते."

"मोजताना पोट कडक झालं होतं का?" प्रश्न तिच्या तोंडून इतक्या झटकन आणि इतक्या आईच्या आवाजात निघाला की बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. सून गोंधळली. "हो... म्हणजे, सारखं होत होतं त्या दिवशी. मी म्हटलंही त्यांना. ते म्हणाले, होतं तसं, आणि मोजून मोकळे झाले. बाहेर गर्दी होती." "मग ते माप खरं नाही. पिशवी आवळलेली असताना वार जाड दिसते. थांबायचं असतं. सैल पडली की मग मोजायची. कदाचित लहानच असेल तुझी वार." "लहान?" सुनेने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तिला धक्का बसला. ती मुलगी सुखावली होती. बाळाला कमी मिळत असेल, ही बातमी ऐकून तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"हे बघ, तुझ्या आईचं ऐकून ऐकून तूही तेच बोलायला लागलीस," आत्या म्हणाली. "असेल लहान. पण मग मी विचारते, ती लहान का राहिली? कोणामुळे? शेवटी पोट कुणाचं?"

तेच. साहेबांनी विचारलं होतं तेच, शब्दसुद्धा जवळजवळ तेच, आणि साहेबांनी इतकी पुस्तकं वाचली होती. तिच्याकडे उत्तरं होती. आईकडून जेवणाच्या टेबलावर ऐकलेली, वर्षानुवर्षांची: वार कुठे रुजते यावर असतं, रक्तवाहिन्या कशा उघडतात यावर असतं, पुष्कळदा कशावर असतं तेच कळत नाही. ती बोलायला तोंड उघडणार, इतक्यात तिला दिसलं की हे संपणारच नाही. वार लहान निघाली तर ती लहान का. रुजली नीट नाही, तर नीट का रुजली नाही. प्रत्येक उत्तराच्या पुढे आणखी एक दार, आणि प्रत्येक दाराशी तीच बाई उभी केलेली, पोटावर हात ठेवून. आई या दारांमधून एकेक करत चालत गेली होती, शेवटपर्यंत, सभ्यपणे, आकडे हातात घेऊन. कुणीतरी पहिल्याच दाराशी उभं राहून म्हणायला हवं होतं की आम्ही आत येत नाही. आणि समजा उद्या या मुलीची वार पुन्हा मोजली, नीट थांबून, सैल पडल्यावर, आणि ती खरोखरच चांगली निघाली. मग? मग ही दोषी? मग आई दोषी?

"तू उद्या आईच्या प्रसूतिगृहात ये," ती सुनेला म्हणाली. "मी येते सोबत. तिथल्या सिस्टर ओळखीच्या आहेत, त्या डॉक्टरांना थांबून मोजायला लावतील. वार लहान असली तर बाळावर लक्ष ठेवावं लागेल, त्यासाठी मोजायची. हिला दाखवायला नाही. कुणालाच दाखवायला नाही."

"हिला म्हणजे मला?" आत्या ताठ झाली. "अगं, मी काय वैरीण आहे का हिची? काळजीने बोलते मी. तुझ्या आईलाही काळजीनेच बोलायचे. ती कधी उलटून बोलली नाही."

"नाही बोलली. आत उठून जायची." आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं. या खोलीत कुणाचा आवाज चढलेला तिने आजवर ऐकला नव्हता, आणि तो आपल्याच अंगातून येतोय याचं तिला नवल वाटत होतं. भीती वाटायला हवी होती, ती वाटत नव्हती. "आत्या, मी लहान जन्मले त्यात आईची काही चूक नव्हती. वार केवढी होती ते कुणालाच माहीत नाही. मोठी असेल. लहान असेल. ती जेवली असेल, नसेल, ड्यूटीवर गेली असेल. तरी तिची चूक नव्हती."

"मी चूक कुठे म्हटलं..."

"म्हटलंस. दर वेळी म्हटलंस, आणि आम्ही इथे बसून ऐकलं. बाबा, तुम्हीही."

बाबांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच हलली, ते कळलं नाही. वर्तमानपत्र त्यांच्या गुडघ्यावरून घसरून खाली पडलं आणि त्यांनी ते उचललं नाही. आत्याने पदर तोंडाशी नेला. सून खालच्या खुर्चीतून तिच्याकडे बघत होती, कप अजून हातात, चहावर साय धरलेली. ती उभी होती, खोलीच्या मध्यभागी, आणि सगळं सांगून झालं होतं तरी सांगायचं ते राहिलंच होतं, कारण ते यांच्यापैकी कुणाला सांगायचं नव्हतंच.

"आई," ती म्हणाली, मोठ्याने, माणूस शेजारच्या खोलीत आहे अशा आवाजात. तिघंही दचकली. "तू मला काही दाखवायचं नव्हतंस गं. मी तुला कधी दोष दिलाच नव्हता."